पंप मावेल तिथवर

साहेबांच्या जीपमध्ये माझी जागा ठरलेली होती. मागे, दाराला लागून, पायाशी पिशवी. झडतीला निघाले की साहेब आमच्या दुकानासमोर गाडी थांबवायचे आणि खाली न उतरताच हाक मारायचे, "ए चावी, चल."

मी कुलपं उघडतो. चावी हरवलेल्यांची, चावी मोडलेल्यांची, आणि पोलिसांकडे वॉरंट असलं तर ज्यांना उघडायचं नसतं त्यांचीसुद्धा. दार फोडलं की तक्रार येते, वर नवं दार द्यावं लागतं. म्हणून मला नेतात.

दुकान मामाचं. काम पण मामाचं. पण मी ते मामाकडून शिकलो नाही. मामाचा हात धड होता तेव्हा मला कुलपात काडीचा रस नव्हता, आणि रस घ्यायची वेळ आली तेव्हा हात गेलेला.

झालं असं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मामा डबा विसरला म्हणून दुकानावर परत गेला. बघतो तर शटर अर्धं वर, आत कोणीतरी. मामाने शटर वर ढकलायला हात घातला. आतल्या माणसाने वरून लाथ घालून शटर खाली आणलं, थेट मामाच्या हातावर, आणि मागच्या दाराने पसार. मामाला दिसले ते फक्त बूट. गल्ल्यातलं गेलं त्याचं कोणाला काही नाही. मामाची हत्यारांची गुंडाळी गेली आणि उजव्या हाताची तीन बोटं गेल्यातच जमा झाली. दिसतात, पण वळत नाहीत.

मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघून आणि भंगारातली कुलपं खोलून शिकलो. मामा खुर्चीत बसून बघायचा. शिकवायचा नाही, नुसतं बोलायचा.

"कुलूप आहे ते, अक्रोड नाही."

"अरे लेका, हळू. ते काय तुझं देणं लागतं?"

एक गोष्ट मात्र त्याने घोटून घेतली. कुलूप उघडलं, काम झालं, की ते परत लावायचं आणि एकदा फिरवून बघायचं. आपण उघडलं म्हणून बिघडलं, असं म्हणायला कोणाला जागा ठेवायची नाही. हे माझ्या बोटात इतकं मुरलं की आता डोक्याला विचारावं लागत नाही.

तर त्या दिवशी आम्ही गेलो चुंबकच्या गोदामावर. चुंबक म्हणजे जुनं सामान घेणारा-विकणारा. हे नाव त्याला लोकांनी दिलं, कारण रस्त्यात लोखंडाचं काहीही पडलं की ते त्यालाच चिकटतं. शाळेच्या टाकीवरचे पाण्याचे दोन पंप चोरीला गेले होते आणि ते त्याच्याकडे आहेत अशी खबर होती. चुंबक जागेवर नव्हता. हवालदार पेन्सिलने शटरसमोर उभं राहून वॉरंट मोठ्याने वाचलं. त्याला पेन्सिल म्हणतात, कारण तो तसाच आहे, उंच, बारीक, आणि टोक लवकर मोडतं. वॉरंटात हे गोदाम आणि दोन पंप. बाकी काही नाही.

मी शटर उघडलं. पंप शोधावे लागलेच नाहीत. ताडपत्री उचलली की खाली दोन्ही जोडीने बसलेले, शाळेचं नाव अजून रंगात तसंच.

"झालं की," पेन्सिल म्हणाला.

साहेबांनी कमरेवर हात ठेवून आजूबाजूला बघितलं. भिंतीवर एक छोटं लोखंडी कपाट होतं, औषधपेटी असते तेवढं. बंद. कुलूप लावलेलं.

"चावी, हे पण उघड."

उघडलं. आत एक बाटली, रबराचे हातमोजे आणि चामड्याची एक गुंडाळी. साहेबांनी ती हातात घेऊन उलगडली, सळ्या दिसल्या, आणि ते म्हणाले, "हत्यारं. जाऊ दे."

ते ठेवतच होते. मी बोललो नसतो तर ती तिथेच राहिली असती. पण त्या सळ्या जुन्या छत्रीच्या काड्या घासून केलेल्या होत्या, आणि गुंडाळीचा पट्टा जिथे तुटला होता तिथे मामीने निळ्या दोऱ्याने टाके घातले होते, वाकडेतिकडे, कारण चामड्यातून सुई जात नाही म्हणून ती तेव्हा वैतागली होती.

"साहेब, ही मामाची आहे."

साहेबांचा चेहरा बदलला. खरं सांगतो, त्या क्षणी ते मला भावासारखे वाटले. "हात मोडला तो?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते गुंडाळी घेऊन जीपकडे धावले, पेन्सिल मागे. मी एकटाच राहिलो. आणि माझ्या बोटांनी कपाट लावलं, कुलूप फिरवून बघितलं, आणि मी बाहेर आलो.

मग फोटोवाला आला. त्याने पंपाचे फोटो काढले, ताडपत्रीचे काढले, आणि बंद कपाटाचाही एक काढला.

घरी आनंद होता. मामीने शेजारणीला बोलावून सांगितलं. मामा तर खुर्चीतून उठून दारापर्यंत दोनदा जाऊन आला, उगाच. "चुंबक!" तो म्हणाला. "मी त्याला पलंग विकला होता रे. मीच नेऊन पोचवला, चहा प्यायलो त्याच्याकडे!" मग डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

चुंबकला पकडलं. पंपाचा गुन्हा लागला, तो किरकोळ. हाताचा लागला, तो मोठा. पुरावा एकच, गुंडाळी.

आता पुढचं. खटला उभा राहायच्या आधी एक सुनावणी होती. सरकारी वकीलबाईंनी मला बोलावून समजावलं. त्या भरभर बोलतात, पण समजेल असं बोलतात.

"हे बघ, कागदात पंप आहेत. पंप शोधताना पंप मावेल तिथे पोलीस बघू शकतात. तिथे बघताना दुसरं काही गुन्ह्याचं डोळ्यासमोर पडलेलं दिसलं, तर तेही उचलू शकतात. पण जिथे पंप मावत नाही ते बंद कपाट उघडायचं तर नवा कागद हवा. त्यातून इथे पंप आधीच सापडले होते. म्हणजे शोधही संपला होता. साहेबांचं म्हणणं, कपाट उघडंच होतं आणि गुंडाळी समोर दिसत होती. पण फोटोत कपाट बंद आहे. चुंबकचा वकील त्यावरच बोट ठेवणार. तर ते बंद कसं झालं?"

"मी लावलं," मी म्हणालो. "नंतर. सवय आहे."

वकीलबाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "मग प्रश्नच मिटला!"

मला पुढे बोलायचं होतं. बाहेरून साहेब आत आले, "मिटला ना?" म्हणाले, आणि मला खांद्याला धरून बाहेर घेऊन गेले.

"चावी, तुला खोटं बोलायला कोण सांगतंय? नंतर तू लावलंस, हे खरं का नाही?"

"खरं."

"मग तेवढंच सांग. आधीचं मी सांगितलंय. तुझ्याच मामासाठी सांगितलंय."

तेवढंच. मला ते चाललं असतं. खरंच चाललं असतं, उगाच मोठेपणा कशाला. मी ठरवलं होतं, तेवढंच सांगायचं.

मग दोन दिवसांनी परत जीप आली.

या वेळी शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या घरी. त्यांच्या मुलाने कोणाची तरी सायकल उचलली असा संशय. मुलगा घरात नव्हता. दोन खोल्या, एक शिलाईचं मशीन, पलंगावर अर्धवट शिवलेले कपडे. पेन्सिलने वॉरंट वाचलं, त्यात एक सायकल, निळी. सायकल ना पलंगाखाली, ना मागच्या अंगणात. साहेबांनी फळीवरची लाकडी पेटी खाली घेतली. बिस्किटाच्या डब्याएवढी.

"हे उघड."

मावशी मशीनवरून उठल्या. साहेबांशी बोलल्याच नाहीत, माझ्याशी बोलल्या.

"बाळा, हे कुलूप तूच बसवलंस ना?"

मीच बसवलं होतं. त्यांनी तेव्हा विचारलं होतं, पक्कं आहे ना, आणि मी म्हणालो होतो, मावशी, मलासुद्धा उघडणार नाही.

"त्यात सायकल नाही रे," त्या म्हणाल्या.

साहेब हसले. मग पेन्सिलकडे न बघताच म्हणाले, "लिही रे. पेटी उघडीच होती."

अजून मी पिशवीला हात लावला नव्हता. पेटी बंद होती, माझ्यासमोर, मावशींसमोर, आणि कागदावर ती उघडी झालीसुद्धा. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की मी कोर्टात तेवढंच सांगितलं तर काय होईल. चुंबक आत जाईल. आणि या गावात कुलूप लावलेली एकही वस्तू बंद राहणार नाही. मी येईन, उघडीन, आणि ती आधीपासून उघडीच असेल.

"साहेब, यात सायकल मावत नाही," मी म्हणालो.

"तुला मोजमाप घ्यायला आणलंय का?"

"नाही. उघडायला आणलंय. पण हे मी उघडत नाही. नवा कागद आणा, मग उघडतो."

"चावी."

"नाही साहेब."

पेन्सिलने पेन्सिल कानावर परत ठेवली. साहेब माझ्याकडे वळले. चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "आणि तुझ्या मामाचं कपाट?" ते हळू आवाजात म्हणाले. "ते कोणी उघडलं?"

"मीच. तेच सांगणार आहे."

पेटी त्यांनी स्वतः फळीवर परत ठेवली. मी पायी परत आलो. जीपमधली जागा गेली.

मामाला सांगायचं टाळता येत नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामी डबा घेऊन आली होती, ती पण उभी राहिली. मी सगळं सांगितलं.

मामा आधी हसला. "म्हणजे मावशींच्या पेटीसाठी माझा हात?"

"तसं नाही रे मामा."

"मग कसं? समजावून सांग. मी शिकलेला नाही."

"कपाट बंद होतं. मी उघडलं. मी शपथ घेऊन उघडं होतं म्हणू?"

"म्हणू नकोस! नंतर लावलं म्हण! ते खरं आहे ना? पुढचं तोंडातून बाहेर काढायलाच पाहिजे असं आहे का? पोट फुगेल तुझं?"

मामी म्हणाली, "अहो, हळू. रस्त्यावर ऐकू जातंय."

"जाऊ दे! सगळ्यांना कळू दे, भाच्याने मामाला विकला आणि त्याला सत्य म्हणतात." त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "याला सांग. मला नको. याला समजावून सांग."

मी त्या हाताकडे बघितलं. मला सुचलं ते बोललो. "मामा, लोक मला घराचं दार उघडायला बोलवतात आणि आत पाणी आणायला निघून जातात. मला एकटं सोडून. ते तुझ्या नावावर. दुकानाच्या नावावर. मी एकदा कोर्टात तसं बोललो की मी साहेबांचा झालो. मग कोण कशाला पाणी आणायला जाईल?"

"तू बोललास तर माझ्या दुकानात पाय ठेवू नकोस."

"ठेवणार नाही."

मामी रडायला लागली. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि निघालो.

कोर्टाची खोली छोटी होती, पंखा आवाज करणारा. न्यायाधीशबाईंसमोर पाण्याचा ग्लास. चुंबक मागच्या बाकावर, केस विंचरून. मामा पहिल्या बाकावर, मामी त्याच्या बाजूला. साहेब भिंतीला टेकून उभे. मी शपथ घेतली.

चुंबकचा वकील जाडजूड माणूस, सारखा चष्मा पुसायचा. त्याने फोटो माझ्या हातात दिला.

"हे कपाट बंद आहे?"

"हो."

"कोणी बंद केलं?"

"मी."

सरकारी वकीलबाईंनी मान डोलावली. साहेबांनी पण. मामाने पुढे वाकून माझ्याकडे बघितलं. इथे थांबलो असतो तर चाललं असतं. जाड वकील क्षणभर गडबडलाच, त्याला हे उत्तर नको होतं. त्याने चष्मा पुसायला काढला.

"आणि उघडलंही मीच," मी म्हणालो. "मी गेलो तेव्हा ते बंद होतं. कुलूप लावलेलं. साहेबांनी उघड म्हटलं, मी उघडलं. पंप तेव्हा सापडलेले होते."

जाड वकिलाने चष्मा परत घातला.

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "ती गुंडाळी कोणाची, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माझ्या मामाची. ते समोर बसलेत."

"आणि तरी तुम्ही हे सांगताय?"

"मी ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, बाई. पण बंद होतं."

कोणीतरी मागे हसलं. त्या हसल्या नाहीत.

निकाल जेवणानंतर आला. गुंडाळी धरायची नाही. गुंडाळी सोडून चुंबकविरुद्ध हाताच्या गुन्ह्यात काहीच नाही, म्हणून तो खटला आज उभा राहू शकत नाही. दुसरा पुरावा असेल तर पोलिसांनी आणावा, दार बंद नाही. पंपाचा खटला चालू राहील. आणि कागदावर खोटं लिहिल्याबद्दल साहेबांकडून खुलासा मागवला.

मामा उठून सरळ चालायला लागला. मामी माझ्यापाशी थांबली, माझी कॉलर सरळ केली आणि गेली.

बाहेर पायऱ्यांवर चुंबकने गाठलं, पंपाच्या गुन्ह्यात त्याला जामीन होता. "उपकार झाले रे चावी. काही लागलं तर सांग, कमी भावात देईन."

"तुझ्यासाठी नाही केलं."

"हो रे, कळतं मला. तरी."

"आणि अजून संपलं नाही," मी म्हणालो. त्याने स्वतःच्या बुटांकडे बघितलं, का कोण जाणे, आणि गेला.

साहेब जीपपाशी उभे होते. मी तिथेच गेलो. त्यांना वाटलं मी माफी मागायला आलो.

"साहेब, मामाच्या वेळेला गल्लीत कोणाला विचारलं होतं?"

"काय?"

"समोरच्या घरात. इस्त्रीवाल्याला. मागच्या दाराकडे राहतात त्यांना. कोणी पळताना बघितलं का, असं."

पेन्सिल चाकाकडे बघायला लागला.

"एक चक्कर मारली होती," साहेब म्हणाले. "कोणी भेटलं नाही. मग बाकीची कामं होती. मग गुंडाळी मिळाली, मग कशाला विचारायचं?"

"आता विचारायला पाहिजे."

"तू मला शिकवणार? माझी नोकरी जायची वेळ आणलीस आणि वर—" ते थांबले. टोपी काढली, परत घातली. "तुझ्या मामाला न्याय मिळावा म्हणूनच केलं रे मी. ते तरी खरं आहे, हे तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. बाईंनी विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं."

ते कसनुसं हसले. मग म्हणाले, "पेन्सिल, जा याच्याबरोबर. वर्दीत जा. आणि जे सांगतील ते लिहायचं. जसंच्या तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पेन्सिल मामाच्या गल्लीत उतरलो. दुकान उघडं होतं. मामा खुर्चीत, तोंड दुसरीकडे. मी पाय ठेवला नाही, ठरल्याप्रमाणे.

पहिल्या घरात म्हणाले, आम्ही नंतर राहायला आलो. दुसऱ्या घरातला म्हातारा म्हणाला, मला दिसत नाही, आणि त्याच दमात, तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय. इस्त्रीवाला म्हणाला, "कोर्टात जावं लागेल का? मग मी काही बघितलं नाही." पेन्सिलने तेही लिहिलं.

"असं होतं का रोज?" मी विचारलं.

"म्हणून तर साहेब कपाटं उघडतात," पेन्सिल म्हणाला.

मागच्या दाराच्या बाजूला एक बोळ आहे. तिथल्या घराचं दार लावलेलं, आतून भांड्यांचा आवाज. मी कडी वाजवणार, तेवढ्यात मागून चपला घासत कोणीतरी आलं. मामा. माझ्याकडे न बघता त्याने मला कोपराने बाजूला केलं आणि डाव्या हाताने दार वाजवलं.

दार उघडलं. एक बाई, ओले हात. पेन्सिलची वर्दी बघून ती मागे सरली.

"वहिनी, घाबरू नका," मामा म्हणाला. "गेल्या वर्षी माझ्या शटरचा आवाज झाला होता, संध्याकाळी. तेव्हा तुम्ही घरी होतात का?"

तिने मामाच्या हाताकडे बघितलं. लगेच नाही म्हणाली नाही.

"नीट आठवून सांगा. घाई नाही. आणि एक लक्षात ठेवा," मामाने अंगठा माझ्याकडे केला, अजूनही माझ्याकडे न बघता, "याच्यासमोर जे बघितलं नाही ते बोलू नका. मेला कोर्टात जाऊन सगळं सांगतो."

बाईने पदराला हात पुसले आणि दार पूर्ण उघडलं.